सरकारी कागदांची टोपली

वाशीमला मामींच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला एक टोपली असे. मामी माझ्या नात्यातल्या नव्हेत, घरमालकीण. पहिल्या दिवशी त्यांना काय म्हणावं ते सुचेना, घाबरत मामी म्हटलं, आणि पुढे तेच राहिलं. टोपली कागदाची होती. दर उन्हाळ्यात मामी वर्षभराचे पुड्यांचे कागद, जुनी पंचांगं, फाटकी पुस्तकं घमेल्यात भिजत घालायच्या. त्यात मूठभर मेथ्या. आठ-दहा दिवसांनी सगळं उखळात कुटून लगदा करायच्या आणि पालथ्या घागरीवर थापून उन्हात ठेवायच्या. वाळली की टोपली घागरीवरून सुटून यायची. मग आतल्या बाजूने चांगला जाड कागद खळीने चिकटवायच्या, म्हणजे आत ठेवलेलं काही खरबरीत लगद्याला अडकत नसे. त्या टोपलीत लसूण असायचा.

त्या टोपलीत माझी दोन-तीन वर्षं गेली होती, आणि ती मीच माझ्या हाताने दिली होती. तीच गोष्ट सांगायची आहे.

मी समुद्राकाठची. तिसरी झाल्यावर शाळा सुटली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात माणूस हवं होतं. लग्न झालं ते मुंबईत फिटरकी शिकलेल्या माणसाशी. त्यांना वऱ्हाडात कापसाच्या प्रेसमध्ये काम मिळालं. बोट, मग आगगाडी, मग मोटार, असं करत आम्ही वाशीमला आलो, आणि पुढल्या चार वर्षांत मी एकदाही माघारी गेले नाही. पाचव्या वर्षी प्रेसमधल्या यंत्राचा पट्टा तुटला आणि ते गेले. त्याबद्दल इतकंच लिहिते.

कायद्याने भरपाई मिळाली. रक्कम पाहून कोर्टातल्या साहेबांनी मला विचारलं, "बाई, हे पैसे हातात घेतलेत तर टिकतील का?" मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्यातच त्यांना उत्तर मिळालं असावं. त्यांनी सगळे पैसे सरकारी कर्जरोख्यात गुंतवले आणि व्याज दर सहा महिन्यांनी मनिऑर्डरने माझ्याकडे येईल असं केलं. त्या साहेबांना मी अजून मनात नमस्कार करते. ते व्याज आणि रजयांच्या खोळी शिवून मिळणारे चार पैसे, यांवर माझं चालायचं. ओढून-ताणून का होईना, चालायचं.

मनिऑर्डरीमागून आठ-पंधरा दिवसांनी एक लांब लिफाफा येई. आत इंग्रजी छापलेला, शिक्का मारलेला जाड कागद. इंग्रजी मला येत नव्हतं. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, "पैसे भेटले ना? मंग झालं. हे तुमच्या कामाचं नाई." सरकारी शिक्का पाहिला की मी कागद पालथा घालायची. वाटायचं, कुणाला जास्त विचारलं तर म्हणतील, अरे, हिला चुकून पैसे जातायत, बंद करा. म्हणून मी ते कागद ट्रंकेत तळाशी ठेवून द्यायची, दिसू नयेत म्हणून.

एका उन्हाळ्यात मामींनी घमेलं काढलं. मामींनी त्या वर्षी मला किती सांभाळलं होतं ते काय सांगू! दोन महिन्यांचं भाडं मागितलं नव्हतं. ताप आला तेव्हा उशाशी बसून ज्वारीची पेज पाजली होती. मला काहीतरी द्यायचं होतं आणि देण्यासारखं घरात काही नव्हतं. मला ते कागद आठवले. जाड, गुळगुळीत, एकही भोक नसलेले. ट्रंक उघडून होते नव्हते ते सगळे नेऊन दिले.

मामींनी कागद चिमटीत धरून चोळून पाहिला. "बाप्पा! असा कागद तं दुकानदाराच्या वहीतही नसते. हे आतून लावाले ठेवतो, बाकीचे भिजवतो."

मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी दोन घास जास्त जेवले.

त्यानंतर दोन लिफाफे आले. ते ट्रंकेत राहिले.

मग होळीच्या सुमाराला आईचं पत्र आलं. आईला लिहिता येत नसे. गावातले मास्तर लिहून द्यायचे, पण शब्द तिचेच. "डोळ्यांवर पडदा धरलाय. सकाळच्या उजेडात माणूस ओळखू येतं, दुपारनंतर नुसता आकार. डॉक्टर म्हणतो आणखी कमी होईल. बोटी बंद व्हायच्या आत एकदा येऊन जा. मला तुझं तोंड बघायचंय, नुसता आवाज नको."

आमच्याकडे पावसाळ्यात बोटी बंद होतात. मग चार महिने वाट नाही, आणि चार महिन्यांनी आईला किती दिसेल कुणास ठाऊक. जाण्यायेण्याचं भाडं माझ्याकडे नव्हतं. दागिना म्हणावा असा एकही उरला नव्हता.

तेव्हा मी कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली बसणाऱ्या अर्जनविसांकडे गेले. पांढरी दाढी, पुढ्यात लाकडी पेटी, तिच्यावर दौत आणि टाक. सगळे त्यांना चाचा म्हणत. मला कोर्टाकडे अर्ज करायचा होता की माझ्या मूळ पैशातले थोडे मला काढून द्यावेत.

"कागद आहे का कुठला?" चाचांनी विचारलं.

मी ट्रंकेतले दोन कागद दिले. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हाकडे धरला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, तुझे किती वाडे हायेत? किती एकर जमीन?"

"माझे? काही नाही."

"मंग सरकार तुझ्याकडून इन्कमटॅक्स कायले घेऊन राह्यलं?"

मला वाटलं, मी टॅक्स चुकवला आणि आता पकडली गेले.

"चाचा, मला ठाऊक नव्हतं हो. मी भरते. हळूहळू भरते."

ते इतके हसले की शेजारी बसलेला दुसरा अर्जनवीसही वळून बघायला लागला. "अगं भरशील काय? भरून झाला! दर वख्ताले तुझ्या व्याजातून आधीच कापून घेतात. रोख्याचं व्याज देताना सगळ्याईचं सारखंच कापतात, शेठ असो का तू. ज्याची कमाई थोडी हाय, त्यानं हा कागद दाखवून वापस मागाचं. हे सर्टिफिकिट म्हंजे तुझी रसीद हाय."

"मागितलं तर रागावणार नाहीत?"

"तुझाच पैसा हाय, बेटी. ते कायले रागावतीन? पन मागितल्याशिवाय कोनी घरी आनून देत नाई." मग त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. "या दोन कागदावर तं तू मुंबईपर्यंतही नाई पोचत. आधीचे घेऊन ये. दोन-तीन सालाचे असले तं जाऊन वापस येशील, आईसाठी लुगडं घेऊन."

"आधीचे टोपलीत आहेत," मी म्हटलं.

"तं मंग घेऊन ये ना टोपलीतून."

"तसे नाही, चाचा. टोपलीच त्यांची आहे."

ते कळायला त्यांना जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी टाक खाली ठेवला, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "या लिंबाखाली लय अर्ज लिवले म्या. घर जळालं, पूर आला, वाळवी लागली, उंदरानं खाल्लं. मेथ्या घालून कुटले, हे पयल्यांदाच."

घरी आले ती रडतच. मामींनी लसूण जमिनीवर ओतला आणि टोपली उजेडात नेली. आतल्या बाजूला चिकटवलेले तुकडे अजून होते. इंग्रजी अक्षरं, जांभळ्या शिक्क्याचा अर्धा चंद्र. मी हात लावायलाही भीत होते.

"मले काहून नाई सांगतलं वं, का हे पैशाचे कागद हायेत?" मामी म्हणाल्या.

"मलाच ठाऊक नव्हतं, मामी."

"मंग रडून काय राह्यली? तुह्या हातून गेलं, माह्या हातून कुटलं. दोघी मिळून जाऊ. टोपली घेऊन जाऊ. साक्षीदार हाय ते."

चाचांनी अर्ज लिहिला. त्यात खोटं काही लिहायचं नाही, असं मीच म्हटलं. कागद हरवले म्हणा, असं दुसऱ्या अर्जनविसाने सुचवलं होतं. पण हरवले म्हटलं आणि कुणी विचारलं कुठे हरवले, तर मी तिथेच कोसळले असते. म्हणून चाचांनी इंग्रजीत नीट लिहिलं की अर्जदार बाईंना कागदाचा उपयोग माहीत नसल्याने ते घरगुती टोपली करण्यासाठी वापरले गेले. लिहिण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "टॅक्साचे पैसे वापस आल्यावर दे," म्हणाले. "आन नाई आले तं नको देऊ. पन येतीन."

इन्कमटॅक्सची कचेरी अकोल्याला. सकाळच्या सर्विस मोटारीत मामींच्या मांडीवर टोपली, माझ्या मांडीवर अर्जाची पिशवी. वाशीमजवळच्या मालेगावला मोटार थांबली तेव्हा चढलेल्या एका माणसाने विचारलं, "काय इकाले नेता, मावशी?"

"इकाले नाई," मामी म्हणाल्या. "सरकारची हाय. सरकारले दाखवाले नेतो."

तो माणूस टोपलीपासून जरा सरकून बसला.

वाटेत मी मनातल्या मनात बोलायचं घोकत होते. साहेब, मी अमुक, साहेब, माझं तमुक. पातूरच्या घाटात मोटार हेलकावायला लागली आणि सगळं विसरले.

कचेरीच्या दारातल्या चपराशाने टोपली पाहिली. "बाई, टोपली बाह्यर ठेवा."

"टोपलीचंच काम हाय आत," मामी म्हणाल्या. "वाटलं तं आमी बाह्यर राह्यतो."

त्याने दोघींना आत सोडलं, टोपलीसकट.

साहेब तरुण होते, नागपूरकडचे असावेत. त्यांनी चाचांचा अर्ज वाचला, मधेच थांबले, पुन्हा वरून वाचायला लागले. ओठ घट्ट मिटून घेतले होते. ते रागावलेत असं मला वाटलं. आता सांगते की ते हसू दाबत होते.

"साहेब," मी एकदम बोलले, "चूक माझी आहे. पण मूळ पैसे परत घेऊ नका."

"ते कोण घेतंय, बाई? ते तुमचेच आहेत. बसा." मग त्यांनी समजावून सांगितलं. माझ्याजवळचे दोन कागद ठीक होते. पण मधे जुन्या रोख्याची मुदत संपून कोर्टाने नवा घेतला होता. हे दोन कागद नव्या रोख्याचे, टोपलीतले जुन्याचे. "जुन्या रोख्याचा नंबर असता तर मी खजिन्याला लिहून नकला मागवल्या असत्या. नंबराशिवाय काय शोधणार? कोर्टाला विचारतो. पण कोर्टाचं उत्तर यायला तीन-चार महिने लागतात."

"तोवर बोटी बंद होतील," मी म्हटलं.

"कसल्या बोटी?"

मग मी सांगितलं. समुद्र, आई, सकाळचा उजेड, दुपारनंतरचा नुसता आकार. घोकलेलं एक वाक्यही आलं नाही. जे आलं ते तसंच सांगितलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली होती.

मामींनी पुढे होऊन टोपली टेबलावर, बरोबर त्यांच्या कागदांवर, ठेवली. "नंबर म्हनता ना? आत पाह्य बाप्पा. आत लय आकडे हायेत."

साहेबांनी आपल्या कारकुनाला हाक मारली. कारकून म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी टोपलीत तोंड घातलं. बाहेरून फक्त शेंडी दिसत होती. आतून घुमणारा आवाज आला, "लसणाचा वास येतोय, साहेब."

"नंबर दिसतो का ते बघा."

"दिसतो. बुडाशी आहे. पण शेवटचे दोन आकडे दुसऱ्या कागदाखाली गेलेत." डोकं बाहेर काढून ते म्हणाले, "कात्री असेल तर बूड कापून काढता येईल."

"कापाचं नाई!" मामींनी टोपलीवर दोन्ही हात ठेवले. "माह्या हाताची टोपली हाय. पोरीनं जीव लावून कागद देल्ला होता."

एकीकडे आईचे डोळे, दुसरीकडे मामींचे हात.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या माठाकडे पाहिलं. चपराशाला म्हणाल्या, "वाटीभर पानी दे रे." टोपली मांडीवर घेऊन त्यांनी पदराचं टोक भिजवलं आणि बुडाशी हळूहळू फिरवलं, लहान लेकराचं तोंड पुसावं तसं. खळ सुटली. वरचा कागद नखाने सोलून काढला. एक जागा ओली होऊन फुगली, तिथला लगदा सुटून त्यांच्या बोटाला चिकटला.

"आता पाह्य," त्या कारकुनांना म्हणाल्या. "बिघडली तं बिघडली. पुन्हा लावीन."

कारकुनांनी पुन्हा डोकं घातलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. साहेबांनी लिहून घेतला. मला अजून पाठ आहे तो नंबर. इथे लिहीत नाही.

नंतर वाट पाहणं. मी दररोज पोस्टमनच्या वाटेकडे बघायची, आणि तो दिसला की आत पळायची, न जाणो वाईट बातमी असली तर. मामी म्हणायच्या, "दारात उभी राह्य वं. आत गेल्यानं कागद बदलत नाई." चैत्र गेला. वैशाखात अकोल्याहून लिफाफा आला. तसाच लांब, जाड कागदाचा. या वेळी मी तो छातीशी धरून लिंबाखाली पळत गेले. चाचांनी वाचला आणि टाक कानामागे खोवून म्हणाले, "आले." एका सहामाहीची नोंद खजिन्यात सापडली नव्हती, ती रक्कम गेली. बाकी सगळं मंजूर. ते गेलेलं मी तिथल्या तिथे सोडून दिलं. इतकं मिळाल्यावर त्याचं दुःख करणं मला बरं वाटेना.

खजिन्यातून पैसे घेऊन आले ते आधी चाचांच्या पेटीवर त्यांचे ठेवले. त्यांनी मोजलेही नाहीत.

निघताना मामींनी टोपली भरून दिली. तुरीची डाळ, ज्वारीच्या खारोड्या, वर लसणाची वेणी. बुडाशी ओली झालेली जागा त्यांनी नव्या कागदाने बुजवली होती, पण नंबर झाकला नव्हता, त्याच्या कडेकडेने लावला होता. "तुह्या मायले दाखव," म्हणाल्या. "आन टोपली मात्र वापस आन."

शेवटच्या दोन बोटींतली एक मला मिळाली. बंदरावरून घरी पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. पडवीत आई बसली होती. मी समोर उभी राहिले तर म्हणाली, "कोण गो?"

मी काही बोलले नाही, नुसता हात तिच्या हातात दिला, आणि तिने ओळखलं. आवाज नको, असं तिनेच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, तांबडं फुटल्यावर, अंगणात तिच्या समोर जाऊन बसले. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, या बाजूला, त्या बाजूला. बराच वेळ.

"केस पांढरा झालाय एक," ती म्हणाली.

"दिसला?"

"दिसला म्हणून तर सांगते."

मग टोपलीची गोष्ट ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोनदा सांगायला लावली. कारकुनांची शेंडी ऐकून तिसऱ्यांदा.

राहायला फार दिवस मिळाले नाहीत. परतीची बोट पकडायची होती, नाहीतर चार महिने तिथेच. भरून आलेलं भांडं रिकामं धाडायचं नाही म्हणून आईने मामींसाठी आमसुलं काढली. सकाळच्या उजेडात अंगणात बसून, एकेक आमसूल डोळ्यांजवळ नेऊन, त्यात राहिलेली बी काढून टाकत होती. मी म्हटलं, मी करते, तू बस. तर हात झटकून म्हणाली, "दिसतंय तोवर करू दे."

दोन सकाळी लागल्या तिला. वाशीमला मामींनी टोपली उघडली, एक आमसूल उचलून जिभेवर ठेवलं आणि डोळे घट्ट मिटले. "बाप्पा, काय आंबट हाय हे!" मग बोटाने सगळी चाचपून पाहिली, तळापर्यंत. "बी नाई वं एकही."

"आईने काढल्यात," मी म्हटलं. "बघून."